स्पोर्टरायझिंग : लष्करी रायफलच्या दस्त्याचे घरगुती रूपांतर

सैन्याने मोडीत काढलेली रायफल स्वस्तात घ्यायची आणि तिचा लाकडी दस्ता कापून, घासून किंवा साफ बदलून तिला शिकारीच्या रायफलचे रूप द्यायचे, या कामाला इंग्रजीभाषक देशांत स्पोर्टरायझिंग म्हणतात. अमेरिका, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात विसाव्या शतकात हे काम प्रामुख्याने घरच्या पडवीत, साध्या सुतारी हत्यारांवर झाले. नळी, बोल्ट (काडतूस नळीत ढकलून ती मागून बंद करणारा दांडा) आणि चाप यांना हात न लावता फक्त लाकडावर काम करणारे बहुसंख्य होते. लाकूड हा रायफलचा नुसता मुठीचा भाग आहे, ते कापले तर वजन कमी होईल, बाकी काही बिघडणार नाही, ही त्यामागची समजूत. पूर्वार्ध खरा, उत्तरार्ध नाही.

प्रथेची सुरुवात मात्र घरगुती नव्हती. अमेरिकन सैन्याने १९०३ साली स्प्रिंगफील्ड रायफल स्वीकारली आणि अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी लगेच स्वतःसाठी तिची शिकारी आवृत्ती सरकारी शस्त्रागारातूनच करून घेतली. १९१० च्या सुमारास लॉस एंजेलिसचे कारागीर लुई वुंडहॅमर यांनी लेखक-शिकारी स्ट्युअर्ट एडवर्ड व्हाइट यांच्यासाठी याच रायफलला नवा दस्ता बसवला. तळहात जिथे टेकतो तिथे मुठीला दिलेला हलका फुगवटा आजही वुंडहॅमर यांच्या नावाने ओळखला जातो. पहिल्या महायुद्धानंतर सरकारी साठ्यातल्या रायफली नेमबाजी संघटनेच्या सभासदांना मिळू लागल्या, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तर जर्मन धाटणीच्या माउझर व ब्रिटिश ली-एनफील्ड या लष्करी रायफलींचा बाजारात पूर आला. नव्या शिकारी रायफलच्या किमतीच्या थोड्या अंशात जुनी लष्करी रायफल घरी येई. शेतमजूर, लाकूडतोडे, कारखान्यातले कामगार यांना हरणाच्या मोसमासाठी एवढी सोय पुरेशी होती. आज संग्राहक या मंडळींना नावे ठेवतात, पण ते न्यायाचे नाही. त्यांच्या हातात आली तेव्हा ती वस्तू दुर्मीळ नव्हती.

रूपांतराची पहिली पायरी म्हणजे नळीवरचे लाकडी आच्छादन काढणे आणि दस्त्याचा पुढचा भाग अर्ध्यावर कापून टोक गोल करणे. संगिनीची खुंटी, पट्टे आणि कड्या निघून जातात. शिकाऱ्याला संगीन लागत नाही, आणि जवानाच्या हाताला तापलेल्या नळीचा चटका बसू नये म्हणून दिलेले आच्छादन दिवसभरात दोन-तीनच गोळ्या झाडणाऱ्याला ओझे वाटते. कापलेल्या टोकाला एबनीचा किंवा शिसवीचा तुकडा जोडून शोभा आणण्याची पद्धतही होती.

खरी अडचण इथेच येते, आणि ली-एनफील्डच्या बाबतीत ती ठळक दिसते. या रायफलचा दस्ता दोन तुकड्यांचा आहे. मागचा तुकडा खांद्याला लागतो आणि पुढचा नळीखाली बसतो. नंबर ४ या तिच्या नंतरच्या प्रकारात पुढच्या लाकडाचे टोक नळीला खालून वर ढकलत राहील, आणि तो दाब २ ते ७ पौंडांच्या दरम्यान राहील, अशीच जोडणी ठरवलेली होती. गोळी सुटताना नळी थरथरते. त्या थरथरीला दर वेळी एकसारखे वळण लावण्याचे काम हा दाब करतो. लाकूड मध्येच कापले की तो आधार नाहीसा होतो. काल सगळ्या गोळ्या एकाच जागी मारणारी रायफल आज गोळ्या विखरू लागते आणि मालक दोष काडतुसाला देतो. जुन्या नंबर १ प्रकारात हेच काम मध्यावरची आतली कडी आणि स्प्रिंगवर बसवलेली छोटी खुंटी करत असे. बिनकामाची म्हणून फेकलेल्या सुट्या भागांत पुष्कळांनी तीही फेकून दिली.

दुसरी नाजूक जागा पुढच्या तुकड्याच्या मागच्या टोकाला आहे. गोळीचा धक्का लोखंडाकडून लाकडाकडे जातो तो तिथल्या दोन लहान पृष्ठभागांवरून. ते झिजले किंवा तेलाने मऊ पडले की रायफल लाकडात मागेपुढे सरकते आणि अखेर दस्ता चिरतो. जाणता कारागीर तिथे कठीण लाकडाचे ठिगळ बसवतो. आज बहुतेक जण इपॉक्सी, म्हणजे सुकून कडक होणारा गोंद, वापरतात. खोबणीत इपॉक्सी भरायचा, लोखंडाला न चिकटू देणारा लेप लावायचा आणि रायफल त्यात बसवून सुकू द्यायची. नवा दस्ता कोरताना लोखंडाला काजळी किंवा निळा रंग फासून ते लाकडावर दाबतात, डाग उमटेल तेवढाच भाग पटाशीने खरवडतात आणि पुन्हा दाबतात. सगळीकडे सारखा डाग येईपर्यंत हे चालते. नळी लाकडाला मुळीच लागू द्यायची नाही असे ठरवले असेल, तर नळी आणि लाकूड यांच्या फटीतून कागदी नोट सरकवून पाहतात. नोट अडली तर त्या जागी अजून घासायचे. पावसाळी हवेत लाकूड फुगते, म्हणून फट अगदी अरुंद ठेवून चालत नाही.

मागच्या तुकड्याचे काम तुलनेने निर्धोक असते. चापापासून दस्त्याच्या शेवटापर्यंतचे अंतर नेमबाजाच्या हाताच्या लांबीला जुळावे लागते. कारखान्यातून येणाऱ्या बहुतेक शिकारी रायफलींत ते साडेतेरा इंचांच्या आसपास असते. ब्रिटिश सैन्याने ही गरज ओळखून ली-एनफील्डचे मागचे तुकडे वेगवेगळ्या लांबीत बनवले होते, अगदी आखूड ‘बँटम’पासून लांबपर्यंत. घरी काम करणारे लोक टोकाला रबरी गादी लावून लांबी वाढवतात. दुर्बीण बसवली की डोळा वर न्यावा लागतो आणि गाल हवेत राहतो, म्हणून गाल टेकतो त्या कडेवर लाकडाचा किंवा चामड्याचा थर चढवतात. नंबर १ रायफलचा मागचा तुकडा काढायचा असेल तर पुढचा आधी काढलाच पाहिजे. आतल्या लांब बोल्टचे चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेले असते. घाईने तो बोल्ट फिरवला की निरोगी लाकूड तिथल्या तिथे फुटते.

लाकूड बहुधा अक्रोडाचे असते. ब्रिटिश रायफलींत बीच, तर ऑस्ट्रेलियातल्या लिथगो कारखान्याच्या रायफलींत तिथलेच कोचवुड आढळते. दस्त्यातला खड्डा घासून काढण्यापेक्षा त्यावर ओले फडके ठेवून गरम इस्त्री टेकवणे चांगले. वाफेने दबलेले तंतू फुगतात आणि पृष्ठभाग वर येतो. घासले तर लाकूड कमी होते, शिवाय कारखान्याचे शिक्के जातात. वरून जवसाचे तेल हाताने चोळतात, पातळ थर देऊन, प्रत्येक थर पुरता सुकू देऊन. तेलाने भिजलेली फडकी मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाचे तेल वाळताना उष्णता सोडते आणि गठ्ठ्यात ती साठून फडकी आपोआप पेट घेतात. ती पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत.

आयता दस्ता आणून बसवण्याचा मार्गही मोठ्या प्रमाणावर रूढ झाला. मिसुरी राज्यातल्या वॉर्सा गावच्या बिशप आणि फायेन या कंपन्या अर्धवट कोरलेले दस्ते विकत असत, शेवटची खोबण गिऱ्हाइकाने कोरायची. एकसंध दस्ता असलेल्या माउझरला हा मार्ग सोयीचा होता. मूळ दस्ता तसाच जपून ठेवता येत असल्याने हाच सर्वांत समंजस मार्ग म्हणावा लागेल. पण मूळ लाकूड सांभाळून ठेवणारे थोडेच निघाले.

१९६३ साली अध्यक्ष केनेडी यांची हत्या टपालाने मागवलेल्या इटालियन लष्करी रायफलने झाली. १९६८ च्या कायद्याने अमेरिकेत अशी टपाल विक्री आणि लष्करी रायफलींची आयात बंद पडली, आणि स्वस्त मालाचा ओघ आटला. दस्ता किती कापावा यालाही तिथे कायद्याची मर्यादा आहे. एकूण लांबी २६ इंचांखाली गेली तर ती रायफल वेगळ्या, कडक नोंदणीच्या वर्गात जाते.

भारतात ही घरगुती प्रथा रुजली नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार बंदुकीचे रूपांतर किंवा दुरुस्ती करायलाही परवाना लागतो, आणि ली-एनफील्डची .३०३ ही बोअर (नळीच्या छिद्राचे माप) निषिद्ध असल्याने लष्करी ली-एनफील्ड सामान्य परवानाधारकाकडे येण्याचा प्रश्नच नव्हता. तिच्याच यंत्रणेवर इशापूरच्या कारखान्याने .३१५ बोअरची शिकारी रायफल बनवली, म्हणजे हे रूपांतर इथे कारखान्यातच झाले. .३०३ काडतुसांशी महाराष्ट्राचा जुना संबंध आहे. पुण्याजवळच्या खडकी कारखान्याच्या काडतुसांवरची ‘के एफ’ ही अक्षरे जगभरचे संग्राहक ओळखतात. दस्ता शरीराला जुळवण्याचे शास्त्र मराठी मुलुखात आज जिवंत आहे ते नेमबाजीच्या मैदानावर. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्निल कुसाळे यांनी ५० मीटर रायफलमध्ये ज्या तीन स्थितींत खेळून कांस्यपदक जिंकले, त्या प्रकारात गुडघ्यावर बसताना, झोपून आणि उभे राहून नेम धरताना गालाचा व खांद्याचा आधार प्रत्येक वेळी नव्याने जुळवावा लागतो.

गेल्या काही दशकांत उलटा प्रवास सुरू झाला आहे. कापलेली रायफल पुन्हा मूळ लष्करी रूपात आणणारे जुने दस्ते, पट्टे आणि आच्छादने शोधत असतात. नळी कापलेली असेल तर काम फार अवघड होते. फक्त लाकूड गेले असेल तर दुसरा पुढचा तुकडा आणता येतो, पण धक्का झेलणारे ते दोन पृष्ठभाग प्रत्येक रायफलसाठी नव्याने जुळवावे लागतात. आणलेले लाकूड नुसते स्क्रूने आवळून काम भागत नाही. कुशल कारागीर कधी कापलेल्या टोकालाच जुळत्या रेषांचे लाकूड जोडतो आणि सांधा बरोबर मधल्या लोखंडी पट्ट्याखाली येईल असे माप घेतो.