खोक्यावरच्या चित्रापासून स्टीमच्या कॅप्सूलपर्यंत

स्टीम या व्हॉल्व्ह कंपनीच्या ऑनलाइन दुकानात प्रत्येक गेमची ओळख म्हणून जे आयताकृती चित्र लावलेले असते, त्याला गेमकर्ते ‘कॅप्सूल’ म्हणतात. नाव मोठे आणि सुटसुटीत असावे, एकच पात्र किंवा प्रसंग ठळक असावा, गेम कोणत्या प्रकारचा आहे हे पाहताक्षणी कळावे, असा सल्ला नव्या गेमकर्त्याला आज सगळीकडून मिळतो. सल्ला बरोबरच आहे. पण तो नुसता पाठ केला की त्यामागची कारणे नजरेआड होतात, आणि कारण ठाऊक नसेल तर नियम कधी पाळावा आणि कधी वाकवावा हे ठरवता येत नाही. त्या कारणांचा माग काढायला १९७७ पर्यंत मागे जावे लागते.

त्या वर्षी अमेरिकेत अटारी या कंपनीचे घरी गेम खेळण्याचे यंत्र बाजारात आले. त्याची स्मृती होती अवघी १२८ बाइट. ‘कॉम्बॅट’ या त्याच्यासोबत मिळणाऱ्या गेममधला रणगाडा पडद्यावर आठ ठिपके रुंद असे. तो रणगाडा आहे हे खेळणाऱ्याला सांगावे लागे, आणि ते सांगण्याचे काम गेमच्या खोक्यावरचे चित्र करत असे. क्लिफ स्पोन आणि त्यांच्यासारख्या चित्रकारांनी रंगवलेल्या त्या मुखचित्रांत रणगाडे, विमाने, धूर आणि माणसांचे चेहरे एकमेकांत मिसळलेले असत, सिनेमाच्या रंगवलेल्या पोस्टरवर असावेत तसे. ही फसवणूक होती असे आज सहज म्हटले जाते. मला ते अर्धेच पटते. चित्र घरी नेऊन, ते डोळ्यांसमोर ठेवूनच मुले त्या ठिपक्यांशी खेळत असत. गेमचा जो भाग यंत्राला दाखवता येत नव्हता तो खोक्यावर छापलेला होता, आणि म्हणून चित्र ही जाहिरात असली तरी गेमचा एक अवयवही होती.

अडचण पुढे आली, ती गेमची संख्या वाढल्यावर. १९७९ मध्ये अटारीतून बाहेर पडलेल्या प्रोग्रामरांनी अ‍ॅक्टिव्हिजन ही कंपनी काढली आणि यंत्र बनवणाऱ्या कंपनीखेरीज इतरांनीही गेम विकण्याची वाट खुली झाली. त्यांची स्वतःची खोकी नेटकी होती: सपाट झळाळते रंग आणि पडद्यावरच्या दृश्याशी नाते सांगणारे साधे रेखाटन. पण त्यांच्या मागोमाग आलेल्या अनेकांनी घाईघाईने केलेला माल देखण्या चित्रात गुंडाळून विकला. १९८३ मध्ये अमेरिकेतला हा बाजार कोसळला. त्याची कारणे अनेक होती. त्यांत एक असे की दुकानात उभ्या असलेल्या ग्राहकाला खोका पाहून आतल्या गेमची पारख करण्याचा कोणताही मार्ग उरला नव्हता.

१९८५ मध्ये निन्टेन्डो या जपानी कंपनीने अमेरिकेत आपले यंत्र उतरवले, तेव्हा सुरुवातीच्या गेमच्या काळ्या खोक्यांवर रंगवलेली चित्रे नव्हती. गेममधलीच पात्रे मोठी करून, त्यांचे चौकोनी ठिपके लपवण्याचा जराही प्रयत्न न करता छापली होती. पडद्यावर जे दिसेल तेच खोक्यावर, हा त्या मांडणीचा अर्थ होता, आणि पोळलेल्या ग्राहकाला तो नेमका समजला. मला या संपूर्ण इतिहासातला हा सर्वांत धाडसी निर्णय वाटतो. तो फार काळ टिकला नाही. १९८७ च्या ‘मेगा मॅन’च्या अमेरिकी मुखचित्रावर निळ्या-पिवळ्या पोशाखातला एक पोक्त माणूस हातात पिस्तूल धरून उभा आहे, गेममधला नायक मात्र लहानसा निळा यंत्रमानव असून त्याचा हातच तोफेचे काम करतो. गेम उत्तम, चित्राशी त्याचा संबंध नाममात्र. तरीही गेमच्या नियतकालिकांतून आणि मित्रांच्या तोंडून माहिती पसरत होती, आणि कपाटात मांडलेल्या खोक्यांची संख्या मर्यादित होती, त्यामुळे असे दोष खपून जात.

खोका नाहीसा झाल्यावर हे गणित बदलले. स्टीम २००३ मध्ये सुरू झाले, २००५ पासून तेथे बाहेरच्या गेमकर्त्यांचे गेमही विकले जाऊ लागले, आणि २००८ मध्ये अ‍ॅपलच्या अ‍ॅप स्टोअरने संपूर्ण गेमची ओळख ५७ बाय ५७ पिक्सेलच्या चौकोनात बसवली. खोक्याला मागची बाजू असते, तेथे मजकूर आणि पडद्याची छायाचित्रे छापता येतात. चौकोनाला मागची बाजू नसते. एवढ्या जागेत पोस्टर मावत नाही, हे मोबाइलच्या गेमकर्त्यांना सर्वांत आधी उमगले, आणि रागावलेला किंवा दचकलेला एकच मोठा चेहरा ही त्यांची रीत पडली.

स्टीमवर तो दबाव टप्प्याटप्प्याने आला. २०१२ मध्ये ग्रीनलाइट ही योजना सुरू झाली, तीत कोणता गेम दुकानात यावा याबद्दल खेळणाऱ्यांचा कौल घेतला जाई. २०१४ मध्ये दुकानाचे पहिले पान प्रत्येक ग्राहकाच्या आवडीनुसार वेगळे दिसू लागले. २०१७ मध्ये ग्रीनलाइट बंद होऊन शंभर डॉलर भरून कोणालाही गेम मांडता येईल अशी सोय झाली. त्यानंतर २०२४ या एकाच वर्षात तेथे १८ हजारांहून अधिक गेम आले.

या गर्दीत मोठ्या चित्राला फारसे महत्त्व राहत नाही. खरी कसोटी लहान कॅप्सूलची असते. तिचा मूळ आकार बरीच वर्षे २३१ बाय ८७ पिक्सेल होता, आणि याद्यांमध्ये ती आणखी आकसून १२० बाय ४५ इतकी होते. म्हणजे सगळे मिळून ५,४०० पिक्सेल. त्याच काळातल्या ६१६ बाय ३५३ च्या मुख्य कॅप्सूलच्या तुलनेत ही जागा सुमारे चाळिसाव्या हिश्शाची आहे. नाव दोन ओळींत लिहिले तर एका ओळीला वीस-बावीस पिक्सेलची उंची मिळते. तलवारीच्या पात्यांनी सजवलेली बारीक अक्षरे तेथे राखाडी पट्ट्यासारखी दिसतात. म्हणूनच लहान कॅप्सूलमध्ये नावाने जवळपास सगळी जागा व्यापावी, असे व्हॉल्व्हच सांगते. गेमचे नाव देवनागरीत ठेवू पाहणाऱ्याला ही अडचण अधिक जाणवेल, कारण वेलांटी आणि मात्रा शिरोरेषेच्या वर, उकार खाली, आणि मधल्या अक्षराच्या वाट्याला उरते जेमतेम निम्मी उंची. अशा वेळी जोडाक्षरे टाळणारे आखूड नाव निवडणे हा चित्रकाराचा नव्हे, तर गेम आखतानाचाच निर्णय असायला हवा.

दरम्यान कॅप्सूलवर पारितोषिकांची नावे, परीक्षणातले गुण आणि सवलतीच्या घोषणा चिकटवण्याची चढाओढ लागली होती. १ सप्टेंबर २०२२ पासून व्हॉल्व्हने ते सारे बंद केले: चित्र, गेमचे नाव आणि असल्यास अधिकृत उपनाव, एवढेच. मोठ्या सुधारणेची घोषणा करायची असेल तर तात्पुरते वेगळे चित्र लावता येते. बहुतेक मजकूर इंग्रजीत असल्याने ती भाषा न वाचणारे ग्राहक वगळले जातात, हेही एक कारण कंपनीने दिले होते. लहान गेमकर्त्याच्या दृष्टीने हा नियम न्याय्य आहे असे मला मनापासून वाटते, कारण ज्याच्याकडे मिरवायला पारितोषिके नाहीत त्याचे चित्र आता निदान चित्रांशीच स्पर्धा करते.

प्रामाणिकपणाचा प्रश्न मात्र नियमाने नव्हे, पैशाने सुटला. जून २०१५ पासून, खरेदीला चौदा दिवस झाले नसतील आणि दोन तासांपेक्षा कमी खेळले असेल तर स्टीमवर पैसे परत मिळतात. शांत कोड्यांच्या गेमला रक्तरंजित युद्धाचे चित्र लावले तर ग्राहक येतो, वीस मिनिटांत परत जातो आणि जाताना वाईट अभिप्राय लिहून जातो. १९८३ च्या ग्राहकाच्या हाती हे शस्त्र नव्हते.

आकारांची संख्या मात्र वाढतच गेली. २०१९ मध्ये स्टीमच्या नव्या लायब्ररीसाठी, म्हणजे ग्राहकाने घेतलेल्या गेमच्या संग्रहासाठी, ६०० बाय ९०० ची उभी कॅप्सूल आली, २०२४ मध्ये दुकानातल्या कॅप्सूलची मापे दुपटीने वाढली. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ हा गेम २०२० च्या ऑगस्टमध्ये आधी निन्टेन्डो स्विच या यंत्रावर आणि ऑक्टोबरमध्ये संगणक व इतर यंत्रांवर आला. अशा प्रत्येक दुकानासाठी तेच चित्र चौकोनी, आडवे आणि उभे अशा वेगवेगळ्या चौकटींत पुन्हा रचावे लागते. त्यामुळे अनुभवी चित्रकार आता सपाट चित्र देत नाहीत. पात्र, पार्श्वभूमी आणि नाव वेगवेगळ्या थरांवर ठेवून, चौकटीच्या कडांपलीकडेही रंगकाम वाढवून ते सोपवतात, आणि काम स्वीकारतानाच मापांची यादी मागून घेतात.