टॉर्नेडोत टिकणारं घर आणि जीव वाचवणारी खोली

टेक्सास-ओक्लाहोमाकडे घर घेताना "नव्या कोडप्रमाणे बांधलंय, आता टॉर्नेडोची काळजी नाही" असं म्हणून लोक निर्धास्त होतात. आपली कितीतरी मराठी कुटुंबं डॅलसच्या आसपास स्थायिक झाली आहेत, म्हणून हे स्पष्ट सांगायला हवं. इमारत कोड, म्हणजे घरबांधणीचे नियम, वाचवतो ते घर, आणि तेही एका मर्यादेपर्यंत. माणसं वाचवायची ती सेफ रूमने, म्हणजे वादळासाठी मुद्दाम बांधलेल्या खोलीने.

आधी कोड. ओक्लाहोमातल्या मूर शहराला १९९९ मध्ये टॉर्नेडोने झोडपलं, २००३ मध्ये पुन्हा झोडपलं, आणि २० मे २०१३ च्या ईएफ-५ टॉर्नेडोत (ईएफ ही टॉर्नेडोच्या तीव्रतेची ० ते ५ अशी मोजपट्टी) २४ माणसं गेली. त्यातली सात मुलं एकाच प्राथमिक शाळेतली होती. त्यानंतर मार्च २०१४ मध्ये मूरने घरबांधणीचे नियम बदलले. वाऱ्याचा जो वेग धरून घर बांधायचं, तो ताशी ९० मैलांवरून १३५ मैलांवर नेला. टॉर्नेडो डोळ्यांसमोर ठेवून असे नियम करणारं अमेरिकेतलं हे पहिलं शहर. वेग दीडपट झाला की दाब सव्वादोनपट होतो, कारण वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो.

लाकडी सांगाड्याचं घर बहुधा लाकूड तुटून नव्हे, तर सांधे सुटून पडतं. छताचा वासा भिंतीच्या माथ्यावरच्या आडव्या लाकडाला दोन-तीन तिरक्या खिळ्यांनी ठोकलेला असतो. छताचं वजन खाली दाबत असतं तोवर तेवढे खिळे पुरतात. पण टॉर्नेडोचा वारा छताला वर ओढतो आणि ते खिळे दाढ उपटावी तसे उपटून येतात. म्हणून मूरच्या नियमांत या सांध्यावर धातूची क्लिप लागते, वासे १६ इंचांवर घ्यावे लागतात, छताच्या फळ्यांना जास्त पकड असलेले खिळे जवळजवळ मारावे लागतात आणि बाहेरच्या भिंतींवर प्लायवूड किंवा ओएसबी (लाकडाच्या चकत्या दाबून केलेला तक्ता) सलग चढवावं लागतं. छतापासून पायातल्या बोल्टपर्यंत साखळी कुठेही तुटता कामा नये, एवढाच त्यामागचा विचार आहे.

आणि गॅरेजचं दार! घराचं सगळ्यात मोठं आणि सगळ्यात लेचंपेचं तोंड तेच. ते आत वाकलं की वारा घरात शिरतो आणि छताला आतून वर ढकलू लागतो, बाहेरून वारा ओढतच असतो. छत गेलं की भिंतींना माथ्याचा आधार उरत नाही, मग त्याही कोसळतात. खिडक्या उघड्या ठेवल्या तर घर फुटत नाही, हा जुना समज म्हणूनच घातक आहे. मूरमध्ये गॅरेजचं दारही १३५ मैलांचा वारा सोसणारं लागतं. या सगळ्याला चौरस फुटामागे साधारण एक डॉलर जादा लागेल, असा तेव्हाचा अंदाज होता. इतक्या थोडक्यात होत असताना बाकीच्या शहरांनी हे अजून मनावर घेऊ नये, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पण १३५ मैल म्हणजे ईएफ-२ ची वरची हद्द. बहुतेक टॉर्नेडो तिच्या आतलेच असतात, आणि मोठ्या टॉर्नेडोतही सर्वांत प्रचंड वारा एका अरुंद पट्ट्यातच असतो. कडेची घरं अशा बांधणीने वाचू शकतात. मधल्या पट्ट्यात सापडलेल्या घराची शाश्वती हा कोड देत नाही. ईएफ-५ चा वारा २०० मैलांच्या पुढे असतो.

सेफ रूमचं गणितच निराळं. फेमा या केंद्रीय संस्थेच्या निकषांनुसार टॉर्नेडोचा धोका सर्वाधिक असलेल्या प्रदेशात ती ताशी २५० मैलांचा वारा धरून बांधतात. शिवाय जीव बहुतेकदा उडत्या मोडतोडीने जातो, म्हणून १५ पौंडांची टू-बाय-फोर (घराच्या सांगाड्यात वापरतात तशी) लाकडी फळी ताशी १०० मैलांनी तिच्या भिंतीवर आणि दारावर मारून बघतात. फळी आरपार जाता कामा नये. लबकच्या टेक्सास टेक विद्यापीठात हवेच्या तोफेने फळ्या झाडून ही चाचणी करतात. कोडप्रमाणे बांधलेल्या घराच्या साध्या लाकडी भिंतीतून अशी फळी आत येते. भोवतीचं घर उडून गेलं तरी सेफ रूम काँक्रीटच्या पायाला धरून उभी राहायला हवी, मग ती काँक्रीटची असो, पोलादाची असो की पोलादी पत्रा लावलेल्या लाकडाची. मूरच्या कोडमध्येही घरात अशी खोली सक्तीची नाही. देशपातळीवर एएससीई या अमेरिकी स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेच्या ७-२२ या मानकात टॉर्नेडोचा भार पहिल्यांदा आला, पण तो शाळा-रुग्णालयांसारख्या महत्त्वाच्या इमारतींसाठी. साधी राहती घरं त्यातून वगळली आहेत.

म्हणून घर बघायला जाल तेव्हा दोन्हींची चौकशी वेगवेगळी करा. टॉर्च घेऊन माळ्यावर चढा. वासा भिंतीला टेकतो तिथे क्लिप दिसते का बघा. गॅरेजच्या दारावर वाऱ्याच्या क्षमतेचं लेबल शोधा. सेफ रूम असेल तर तिचं दार चौकट, बिजागऱ्या आणि कड्यांसकट चाचणीतून गेलेलं आहे का विचारा. नुसतं जाड लोखंडी दार पुरत नाही. ओक्लाहोमातल्या अनेक गावांत निवाऱ्याची जागा पालिकेकडे नोंदवता येते. ती जरूर नोंदवा, कारण दारावर ढिगारा पडला तर आतून ते उघडत नाही आणि बचाव पथकाला कुठे खणायचं ते कळायला हवं.