कॉन्टॅक्ट ट्रेसिंग आणि ब्लॉकचेन: पार्श्वभूमी

रुग्णाच्या संपर्कात कोण आलं, याचा माग काढणं ही साथरोग नियंत्रणाची जुनी पद्धत. १९३० च्या दशकात अमेरिकेत सार्वजनिक आरोग्य अधिकारी थॉमस पॅरन यांनी सिफिलिसविरोधी मोहिमेत तिच्यावर भर दिला. पुढे रुग्णाच्या आसपासच्या माणसांना हुडकून लस टोचत देवीचा पाठलाग झाला आणि १९८० मध्ये जग देवीमुक्त जाहीर झालं. ही सगळी चौकशी माणसं माणसांकडे करत.

२०२० मध्ये ते काम फोनकडे आलं. २० मार्चला सिंगापूरने 'ट्रेसटुगेदर' हे ॲप आणलं, २ एप्रिलला भारतात 'आरोग्य सेतू' आलं. दक्षिण कोरियाने तर कार्डाचे व्यवहार आणि सीसीटीव्हीचीही मदत घेतली. कोण कोणाला भेटलं, याची यादी एकाच ठिकाणी जमली तर तिचा पुढे काय वापर होईल, ही भीती रास्तच होती. त्यावर युरोपातल्या संशोधकांनी एप्रिलमध्ये 'डीपी-३टी' ही रचना मांडली. फोन ब्लूटूथवरून एक सांकेतिक क्रमांक प्रसारित करतो आणि तो थोड्या थोड्या वेळाने बदलतो. जवळचे फोन तो टिपून ठेवतात. कोणी बाधित निघालं, तर त्याच्या फोनची किल्ली, म्हणजे ज्या गुप्त आकड्यापासून ते क्रमांक बनतात तो, जाहीर होते आणि जुळणी प्रत्येकाच्या फोनमध्येच होते. ॲपल आणि गूगलनेही याच धर्तीची यंत्रणा उभारली.

ब्लॉकचेन म्हणजे अनेक संगणकांवर एकसारखी ठेवलेली, एकमेकींना साखळीसारख्या जोडलेल्या नोंदींची वही. संपर्कांचा माग काढायला ती वापरण्याचे प्रस्ताव आले ते याच काळात. ग्लासगो विद्यापीठाच्या संशोधकांचा सहभाग असलेला 'बीपट्रेस' त्यांपैकी एक. मूळ विचार आकर्षक होता: नोंदवही कोणा एकाच्या ताब्यात नाही आणि गुपचूप खाडाखोड अशक्य. अडचणही तिथेच होती. संपर्काची नोंद साधारण १४ दिवसांनी निरुपयोगी होते, ती पुसलीच पाहिजे. आणि ब्लॉकचेनवरचं पुसलं जात नाही. २०१८ पासून लागू असलेला युरोपचा माहिती-संरक्षण कायदा 'जीडीपीआर' माहिती खोडून टाकण्याचा हक्क देतो. म्हणून साखळीवर फक्त हॅश, म्हणजे माहितीपासून गणिताने काढलेला, उलट न फिरवता येणारा ठसा ठेवायचा, माहिती बाहेर, असा तोडगा निघाला. पण हॅश म्हणजे अनामिकता नव्हे. दहा आकडी मोबाइल क्रमांकाचा नुसता हॅश ठेवला, तर शक्य असलेले सगळे क्रमांक हॅश करून मूळ नंबर सहज सापडतो. शिवाय 'मी बाधित आहे' हे खरं की खोटं, ते साखळीला कळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेची किंवा आरोग्य खात्याची खातरजमा लागते, म्हणजे जो मध्यस्थ टाळायचा होता तोच परत येतो.

माझ्या मते लोकांचा खासगीपणा राखण्यात ब्लॉकचेनपेक्षा 'डीपी-३टी'चं योगदान मोठं, कारण तिने माहिती एका ठिकाणी गोळा करणंच टाळलं. तरी शब्द फिरवला गेल्याचं लोकांना कसं कळणार, हा प्रश्न उरतोच. 'ट्रेसटुगेदर'ची माहिती फक्त संपर्क शोधण्यासाठी, असं सिंगापूर सरकारने सांगितलं होतं. जानेवारी २०२१ मध्ये गुन्हे तपासासाठी पोलिसांनाही ती मिळू शकते, हे उघड झालं. फेब्रुवारीत कायदा करून हा वापर सात प्रकारच्या गंभीर गुन्ह्यांपुरता आणला गेला. माहिती कोणी, केव्हा उघडली याची न खोडता येणारी नोंद अशा ठिकाणी खरोखर कामाची ठरते. मात्र तिने पाहणाऱ्याला अडवता येत नाही, फक्त त्याने पाहिल्याचं लपत नाही. आणि तेही माहिती उघडण्याची वाट त्या नोंदीतूनच जात असेल तर.