पाचोळा आणि गाळ

फाल्गुन सरत आला की गडचिरोली-गोंदियाच्या रानात मोहफुले टपटपू लागतात. पहाटे टोपली घेऊन निघालेल्या बाईला ती फुले वाळल्या पाल्यातून वेचायची असतात, आणि ते काम सोपे व्हावे म्हणून झाडाखालचा पाचोळा आधीच पेटवून जागा साफ करण्याची जुनी रीत आहे. आग त्या वर्तुळातच विझली तर नुकसान थोडे. पण दुपारच्या तापल्या वाऱ्यात ती शेजारच्या बांबूच्या रांजीत शिरते आणि पाहता पाहता वणवा होतो. हवामानबदल म्हटले की आपल्याला कोळसा आणि मोटारींचा धूर आठवतो, आणि ते बरोबरच आहे. पण या पाचोळ्याचाही त्या हिशेबात वाटा आहे.

वाळलेल्या लाकडाच्या वजनात साधारण निम्मा कार्बन असतो. तो जळताना हवेतला ऑक्सिजन त्याला जोडला जातो, म्हणून 1 किलो कार्बनपासून सुमारे 3.67 किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. कोरडे वजन 1 टन भरेल असे ऐनाचे झाड जळाले तर सुमारे 1.8 टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. हा झाला डोळ्यांना दिसणारा साठा. जगभरच्या मातीत मात्र सगळ्या वनस्पती आणि सगळी हवा मिळून जेवढा कार्बन आहे, त्याहून अधिक साठलेला आहे. पाचोळा कुजताना त्यातला बराचसा कार्बन हवेत परत जातोच, हे खरे. परंतु वाळवी, गांडुळे आणि बुरशी यांच्या हातून गेलेला काही अंश मातीच्या बारीक कणांना चिकटून बसतो आणि तिथे दशकानुदशके, कधी शतकानुशतके राहतो. वणवा दरवर्षी हा कच्चा माल पळवतो, साग आणि बिजा या झाडांची कोवळी रोपे मारतो आणि उघडी पडलेली माती मृगाच्या पहिल्या सरीच्या हवाली करतो. मोहाखाली जाळी किंवा जुनी लुगडी अंथरली तर फुले स्वच्छ मिळतात आणि काडी ओढायची गरजच उरत नाही. इतका साधा उपाय अजून गावोगाव पोचलेला नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

जंगल तोडले तर दुसरीकडे रोपे लावू, हा युक्तिवाद आपण फार सहज मान्य करतो. शंभर वर्षांच्या धावड्याच्या बदल्यात लावलेले हातभर रोप जगले, तरी तेवढा कार्बन साठवायला त्यालाही तितकीच वर्षे लागतील, आणि हवा तोवर थांबणार नाही. आज गमावला तर 2050 पर्यंत भरून निघणार नाही, अशा साठ्यांचा शास्त्रज्ञ म्हणूनच वेगळा हिशेब मांडतात. वृक्षारोपण जरूर व्हावे, पण उभे जंगल राखणे हे त्याच्या कितीतरी आधीचे काम आहे.

जंगलाच्या पायथ्याशी आपल्याकडे दुसरा साठा आहे, तो म्हणजे तलाव. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात धानासाठी हजारो तलाव बांधले. 1950 च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, संपली, तेव्हापासून ते ‘माजी मालगुजारी’ म्हणजे ‘मामा तलाव’ झाले. तलावाच्या तळाचा ओला गाळ हातात घेतला तर तो काळा, लोण्यासारखा मऊ लागतो आणि त्याला कुजका वास येतो. ऑक्सिजन पाण्यातून हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो, त्यामुळे गाळात तो जवळजवळ नसतोच आणि बुडालेली पाने, मुळे, शेवाळ अर्धवट कुजून तशीच दबून राहतात. जगातल्या पीट म्हणजे दलदली जमिनी याच तत्त्वावर चालतात: भूभागाच्या अवघ्या 3 टक्क्यांवर असूनही सगळ्या जंगलांच्या झाडोऱ्यापेक्षा जास्त कार्बन त्यांनी धरून ठेवला आहे. आपले तलाव तेवढे खोल किंवा जुने नाहीत, पण तत्त्व तेच आहे.

याच गाळातून मिथेन निघतो, हेही सांगितले पाहिजे. वीस वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ऐंशी पट उष्णता अडवतो. शेतातले खत आणि गावातले सांडपाणी तलावात उतरले की मिथेन वाढतो. म्हणून तलाव राखायचा म्हणजे पाणी स्वच्छही राखायचे. तलाव आटवून अतिक्रमण केले तर मात्र गाळाला हवा लागते, शतकांचा साठा कुजू लागतो आणि धानाचे पाणीही जाते.

आणि इथेच कायद्यात मोठी फट आहे. 2017 च्या पाणथळ नियमांतून सिंचनासाठी बांधलेले जलाशय वगळले आहेत, त्यामुळे 2020 मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय ‘रामसर’ यादीत गेलेल्या लोणार सरोवराला जे संरक्षण आहे, ते मामा तलावांना नाही. जंगलासाठी निदान 2006 चा वनहक्क कायदा आहे. त्याच्या आधारे 2009 मध्ये गडचिरोलीतल्या मेंढा लेखा गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि राखण करायची जबाबदारी ग्रामसभेने स्वतःकडे घेतली. तलावांना असा आधार नसतानाही भंडारा-गोंदियात काही गावांच्या ढिवर, म्हणजे मासेमार समाजाच्या, बाया उन्हाळ्यात कोरड्या तळातली बेशरमीची उपद्रवी झुडपे मुळासकट उपटतात, तिथे नांगर फिरवतात आणि पाऊस लागला की हायड्रिलासारख्या स्थानिक पाणवनस्पती गुडघाभर चिखलात उभ्या राहून लावतात. त्यांना मासळी हवी असते. या लावलेल्या पाणवनस्पतींतच मासोळी अंडी घालते, आणि त्यांचीच मुळे-पाने वर्षाअखेर गाळात जाऊन बसतात.