चिपचा जन्मदाखला

२००९ च्या अखेरीची गोष्ट. अमेरिकी नौदलाच्या पी-८ए पोसायडन विमानात बर्फ साचल्याची सूचना देणारा एक भाग बिघडला. उघडून पाहिला, तर एक चिप जागेवरून निसटून आत चक्क खुळखुळत होती. नवी म्हणून विकलेली ती चिप वापरलेली निघाली. खरेदीचा माग काढला, तेव्हा वाट कॅलिफोर्नियाहून फ्लोरिडाला आणि तिथून थेट चीनमधल्या शेन्झेनला पोचली.

विमाने तीस-चाळीस वर्षे उडतात, पण त्यातल्या चिप्सचे उत्पादन काही वर्षांतच थांबते. मग सुटे भाग दलालांकडूनच घ्यावे लागतात. चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातल्या ग्वीयू गावात जगभरचा ई-कचरा येई. जुने बोर्ड तापवून चिप्स सोडवायच्या, धुवायच्या, वरची अक्षरे घासून काढायची, काळा लेप चढवून नवा क्रमांक छापायचा. २०१२ मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीने अहवाल दिला, त्यात संशयास्पद भागांची सुमारे १,८०० प्रकरणे होती आणि भागांची संख्या दहा लाखांवर. तोपर्यंत कायदा कडक झाला होता, पण चिप खरी असल्याचा पुरावा म्हणून दाखवायचा तो कागदच. चिप बनावट करणाऱ्याला प्रमाणपत्र छापणे काय अवघड?

इथे ब्लॉकचेन आठवली, म्हणजे अनेकांकडे एकसारखी राहणारी, मागची नोंद गुपचूप बदलता न येणारी डिजिटल वही. तिची मूळ कल्पना बिटकॉइनच्या आधीची. दस्तऐवजाची तारीख मागाहून बदलता येऊ नये म्हणून हेबर आणि स्टॉर्नेटा या संशोधकांनी १९९१ मध्ये नोंदी एकमेकींत गुंफण्याची रीत मांडली. पुढे त्या नोंदींचा गोषवारा ते न्यूयॉर्क टाइम्सच्या छोट्या जाहिरातींत छापत. छापलेला पेपर कोण परत गोळा करणार!

पण वहीतली नोंद खरी असली, तरी हातातली चिप तीच कशावरून? घासलेल्या चिपवर खऱ्या चिपचा क्रमांक छापला की वही तिलाही खरीच म्हणणार. यावरचे उत्तर दुसरीकडून आले. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवले, की एकाच साच्यातल्या दोन चिप्समध्येही सूक्ष्म फरक राहतात आणि ते बोटांच्या ठशासारखे वापरता येतात. असा ठसा कारखान्यातच वहीत चढवला, तर नोंद आणि वस्तू यांची गाठ पडते.

राहिला प्रश्न एकाच वहीत सगळ्यांनी लिहिण्याचा. मर्स्क ही जहाज कंपनी आणि आयबीएम यांनी जहाजी मालासाठी २०१८ मध्ये ट्रेडलेन्स नावाची अशीच सामायिक वही आणली आणि २०२२ च्या अखेरीस ती बंद करत असल्याचे जाहीर केले. जगभरच्या साऱ्या उद्योगाची साथ मिळाली नाही, हे कारण सांगून. चिप्सचे दलाल तर माल कुठून आला हे गिऱ्हाइकापासून लपवूनच धंदा करतात.