तुराटीची मोळी आणि एकोणतीस

विदर्भातल्या अनेक लहान गावांत पहिली ते चौथीची शाळा दोन शिक्षकांवर चालते. मॅडम दुसरीला वजाबाकी सांगत असतात, तेव्हा पहिलीच्या पोरांनी काय करायचं? 'एक ते शंभर लिहा' म्हणून पाटी देणं सोपं असतं. त्यापेक्षा खोलीत चार कोपरे मांडावेत: चिंचोके, तुराटीच्या (वाळलेल्या तुरीच्या) काड्या, तराजू आणि फरशीवर खडूने आखलेला खेळ. गट फिरत राहतात आणि मॅडमना एका गटाजवळ टेकायला सवड मिळते. कोण कुठे अडतंय, हे तिथे बसल्यावरच दिसतं.

पण कोणताही खेळ मांडून भागत नाही. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट सीग्लर आणि गीता रमाणी यांनी 2008 मध्ये अमेरिकेतल्या गरीब घरांतल्या चार-पाच वर्षांच्या मुलांना एका सरळ पट्टीवर सोंगट्यांचा खेळ दिला. पट्टीच्या घरांत 1 ते 10 अंक होते. दोन आठवड्यांत पंधरा-वीस मिनिटांच्या चारच बैठका झाल्या. तेवढ्यात मुलांची अंकओळख सुधारली, कोणती संख्या मोठी ते ती अचूक सांगू लागली आणि नऊ आठवड्यांनीही ते टिकून होतं. ज्यांच्या पट्टीवर अंकांऐवजी रंग होते, त्यांच्यात असं काही घडलं नाही. पुढे हीच घरं गोलात मांडून पाहिली, तर फायदा कमी झाला.

सरळ पट्टीत असं काय असतं? सात चारच्या पुढे असतो. तिथे पोचायला हात जास्त सरकतो, उड्या जास्त पडतात, तोंडाने जास्त आकडे म्हणावे लागतात, वेळही जास्त लागतो. संख्येचा मोठेपणा असा अंगातून कळतो.

म्हणून अष्टा-चंगा मोडीत काढायचा का? मुळीच नाही. त्याची वाट गोल फिरते, पण टाकलेल्या चार चिंचोक्यांत पांढरी बाजू कितींची वर आली, हे मूल न मोजता ओळखतं. तीन-चार वस्तूंपर्यंत माणसाच्या नजरेला ही देणगी आहेच आणि हा खेळ तिला रोज कामाला लावतो. फक्त शेजारी एक सरळ पट्टीही आखावी.

आणखी एक गोष्ट फार मोलाची वाटते. सोंगटी सातवर आहे आणि दान दोनचं पडलं, तर बहुतेक पोरं 'एक, दोन' म्हणत सरकतात. त्यांना 'आठ, नऊ' म्हणायला लावावं. संशोधक लास्की आणि वर आलेले सीग्लर यांनी 2014 मध्ये शंभरपर्यंतच्या पटावर हाच फरक तपासला. 'आठ, नऊ' असं पुढे मोजणारी मुलं 'एक, दोन' म्हणणाऱ्यांपेक्षा बरीच जास्त शिकली.

मराठीत तर हे आणखी जरुरीचं, कारण आपली संख्यानामं अवघड आहेत. 'पंचवीस' बोलताना पाच आधी येतो, लिहिताना दोन. 'एकोणतीस' ऐकून मूल 39 लिहितं, कारण कानावर 'तीस' पडतं. 2019 मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'ला 'वीस एक' अशी जोड दिली, तेव्हा राज्यभर वाद पेटला. माझ्या मते जुने शब्द राहावेत, पण ते हाताने उलगडून दाखवावेत. दहा-दहा तुराट्यांच्या तीन मोळ्या मांडा आणि एका मोळीतून एक काडी काढून घ्या. तीसला एक ऊन, म्हणजे एक कमी: एकोणतीस. मग पाटीवर 29 लिहून घ्या.

हे लिहून घेणं टाळू नये. दिल्लीत 1540 बालवाडीच्या मुलांबरोबर गणिती खेळांचा मोठा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष 2017 मध्ये आले. अंदाज आणि आकारांची जाण वाढली, वर्षभरानंतरही टिकली, पण पहिलीच्या गणितात त्याचा लाभ दिसला नाही. त्या खेळांत शाळेतले अंक आणि चिन्हं जवळजवळ नव्हती. 2025 मध्ये कोलकाता-दिल्लीच्या बाजारांतल्या मुलांवरच्या अभ्यासातही तेच आढळलं: गल्ल्यावर झटपट हिशोब करणारी मुलं शाळेच्या पद्धतीने मांडलेल्या साध्या गणितांत अडखळत होती.

गडचिरोली-गोंदियाकडे तेंदूच्या, म्हणजे विडीच्या पानांच्या हंगामात घरोघरी 70 पानांचा पुडा बांधतात. लहान पोरंही शेजारी बसून पानं मोजतात. शाळा उघडली की पळसाच्या पानांचा तसाच एक पुडा कोपऱ्यात ठेवावा. पानं दहा-दहा करून सात ढिगांत लावायला सांगावीत आणि शेवटी खडू त्या मुलाच्याच हातात द्यावा.