बाजारातलं कन्नड, पुस्तकातलं कन्नड

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडच्या मराठी घरातलं दहा वर्षांचं पोर बाजारात बिनदिक्कत "एष्ट्रि?" विचारतं, भाव ऐकून तोंड वाकडं करतं आणि "स्वल्प कम्मी माड्रि" म्हणत कोथिंबिरीची पेंडी स्वस्तात मिळवतं. तेच पोर शाळेत कन्नडचा धडा वाचताना दुसऱ्याच ओळीला अडखळतं. मग घरी निरोप येतो: बोलतो भरपूर, अभ्यासात लक्ष नाही.

लक्षाचा इथं फारसा संबंध नसतो. कॅनडातले भाषाशिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये बोलण्याची भाषा आणि शिकण्याची भाषा असा भेद मांडला. स्थलांतरितांच्या मुलांना नव्या भाषेत गप्पा मारायला साधारण २ वर्षं पुरतात, पण त्याच भाषेतून अभ्यास करताना वर्गाची बरोबरी गाठायला ५ ते ७ वर्षं लागतात, असं त्यांना आढळलं. बाजारात भाजी समोर असते, हातवारे असतात, भाजीवालीचा चेहरा बोलत असतो. धड्यात नुसते शब्द.

आपल्या भागात तर बोलीचं कन्नड मराठी पोराला निम्मं ओळखीचंच असतं. सांगलीजवळच्या कुपवाडचा जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी केलेला अभ्यास १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथं मराठी, कन्नड आणि उर्दू पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदल्या आणि त्यांची वाक्यं जवळपास एकाच साच्यात बसली. शब्द तेवढे आपापले राहिले. "मी जाऊन येतो" आणि "ना होगि बर्तेनि" हे शब्दाखाली शब्द ठेवून पाहा. पुस्तकातलं प्रमाण कन्नड मात्र म्हैसूर-बेंगळुरूच्या वळणाचं, तिथं ही सवलत संपते. (त्याचं मराठीचं पुस्तक तरी कुठं घरच्या बोलीत असतं म्हणा.)

दुसरी अडचण कानाची. मराठीत एकच ए, एकच ओ. कन्नडात दोघांचेही ऱ्हस्व-दीर्घ वेगळे. 'कोडु' ऱ्हस्व उच्चारला की 'दे', लांबवला की 'शिंग'! जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये दाखवलं, की इंग्रजी घरातल्या ६ ते ८ महिन्यांच्या बाळांना हिंदीतला ट आणि त यांतला फरक कळतो, पण वर्षाची होईतो तो बहुतेकांच्या कानातून निसटतो. कान घरच्या भाषेला लागतो तो असा पाळण्यातच. पुढं तो सरावानं पुन्हा तयार होतो, पण आधी फरक ऐकवावा लागतो. श्रुतलेखनाच्या वहीतली लाल खूण ते काम करत नाही.

गंमत म्हणजे ज्यांना आपण जड शब्द म्हणतो तेच या पोराला हलके जातात. अंश, छेद, आयत हे गणितातले शब्द दोन्हीकडे तेच. मराठीत अपूर्णांक समजलेल्या मुलाला तो कन्नडात नव्यानं समजून घ्यावा लागत नाही, फक्त नाव बदलायचं. म्हणून कन्नडच्या तासाला मराठीत बोलायची बंदी घालणं मला निव्वळ आडमुठेपणा वाटतो. हाताशी असलेली शिडी काढून घ्यायची आणि वर चढ म्हणायचं.

अडतं ते साध्या आकड्यांत. 'एकवीस' म्हणताना एक आधी येतो. कन्नडात 'इप्पत्तोंदु', म्हणजे वीस आधी, मग एक. २०१९ मध्ये बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' असं वाचन सुचवलं तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला! सीमेवरची पोरं दोन्ही तऱ्हा रोज ऐकतात, पण त्यांतला फरक त्यांना कुणी फोडून सांगत नाही.

काही शब्द तर चकवाच देतात. कन्नडात 'अवघड' म्हणजे अपघात, तेव्हा गणिताचा पेपर अवघड गेला हे सांगताना जरा जपून. हिंदीच्या तासाला 'शिक्षा' म्हणजे शिक्षण असं कळतं, तेव्हा मात्र मराठी आणि कन्नड दोन्ही बाकं एकदमच हसतात. दोघांच्याही घरी शिक्षेचा अर्थ छडीच.